भीती माझ्या मनात नव्हती, गाडीत होती

‘‘उंच गाडी आहे, थोडी डोलणारच. तू उगीच घाबरतेस!’’

दोन वर्षं हे वाक्य मी ऐकत होते. आधी ह्यांच्याकडून, मग भावोजींकडून आणि शेवटी मिस्त्रींकडूनही. ‘‘भाभी, ऊँची गाड़ी है, इतना तो चलता!’’ तीन-तीन जाणती माणसं एकच सांगतायत म्हटल्यावर मलाही वाटायला लागलं, आपलंच मन कच्चं असणार.

आम्ही उस्मानपुऱ्यात राहतो. संत एकनाथ रंगमंदिराजवळ आमची जीप वळली की पोरं हातातली बॅट सोडून बघत राहायची. गाडी जुनीच, पाट्यांची. शेत कन्नड तालुक्यात. पावसाळ्यात तिथली काळी माती चाकाला अशी धरते की गाडी जागची हलत नाही. म्हणून ह्यांनी पाट्यांना लांब शॅकल लावून ती चार इंच उचलून घेतली. वर मोठी, खडबडीत नक्षीची टायरं घातली. खरं सांगते, शेतात ती झकास चालायची. बांध असो की ओढा, कुठे म्हणून अडायची नाही.

अडचण व्हायची ती हायवेला.

दिवाळीत माझ्या माहेरी, बीडला निघालो होतो. आडूळ मागे पडलं आणि पाचोडला स्टिअरिंग मी हातात घेतलं. चारपदरी रस्ता, साठ-सत्तरचा वेग. गाडी सरळ म्हणून जाईना. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. सारखं सावरून मनगटं भरून आली. शहागडला गोदावरीच्या पुलावर शेजारून ट्रक गेला आणि त्या वाऱ्यानेच गाडी हातभर सरकली. गेवराईच्या अलीकडे समोर अचानक उसाची ट्रॉली. मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. मी स्टिअरिंग फिरवलं तशी जीप एका अंगावर कलली. मागे बसलेल्या सासूबाई या टोकाच्या त्या टोकाला गेल्या, मांडीवरचा डबा उपडा. नशिबाने एवढ्यावरच भागलं. पण त्यांचे थरथरणारे हात मी आजही विसरले नाही.

परत आल्यावर एक केलं. हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहायला घेतलं. किती वेगाला डोलते? खड्ड्यात गेल्यावर कोणत्या बाजूला ओढते? वळून झाल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं का? उंचवटा ओलांडल्यावर किती वेळा हिंदकळते? ही वही घेऊन शेजारच्या सरांकडे गेले. ते तंत्रनिकेतनात शिकवायचे, आता निवृत्त आहेत. वही वाचून म्हणाले, ‘‘वहिनी, निम्मं निदान तुम्हीच केलंय.’’

मग त्यांनी समजावलं. आमच्या आजीच्या घरात मडक्यांची उतरंड असायची. ती जितकी उंच, तितकी लवकर ढासळणार. गाडीचंही तसंच. उंची वाढवली, पण दोन चाकांमधलं अंतर तेवढंच राहिलं. गाडीचा भार वर गेला. हळू चालताना ते जाणवत नाही, पण वेगात अचानक वळवलं की कळतं.

दुसरी गोष्ट कोनाची. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, वरून थोडा मागे कललेला असतो. म्हणून हात सोडले तरी सायकल काही अंतर सरळ जाते. जीपच्या पुढच्या चाकांनाही असाच कल दिलेला असतो. लांब शॅकलमुळे पाट्याचं एक टोक खाली येतं, अ‍ॅक्सल थोडा फिरतो आणि तो कल बिघडतो. मग स्टिअरिंग सरळ राहत नाही, सतत धरून ठेवावं लागतं. यावर उपाय म्हणजे कोन मोजून पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर बसवणं. पाचर अंदाजाने ठोकायची नसते.

तिसरं, स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा. गाडी उचलली की तो जास्त तिरपा होतो आणि प्रत्येक खड्ड्यात गाडी एका अंगाला ओढते. दांड्याचे एंड आणि किंगपिन झिजलेले असतील तर भर पडते. चौथं, शॉकअप. ते जुन्या उंचीचे. आधीच पूर्ण ताणलेले असले तर उसळी रोखणार कशी?

आणि टायरं! आमची मूळची साधारण 28 इंचांची, नवी 31 इंचांची. म्हणजे काटा 80 दाखवतो तेव्हा गाडी खरी 88च्या आसपास पळते! जड चाक थांबायलाही जास्त अंतर घेतं. त्यात शेतात चिखलासाठी कमी केलेली हवा आम्ही परत भरायलाच विसरायचो. कमी हवेचं टायर वेगात तापतं आणि फुटूही शकतं.

मी विचारलं, ‘‘मग हे सगळं करून घेतलं की झालं?’’ सर म्हणाले, ‘‘गाडी पुष्कळ सुधारेल. पण उतरंड उंचच राहील. आणि कायद्याचं काय?’’ नोंदणीतला मूळ कंपनीचा तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. त्याच वर्षीच्या कायद्यातल्या दुरुस्तीनुसार परवानगीशिवाय केलेल्या दर फेरफारामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झालाच तर विम्याच्या वेळी वाद, तो वेगळाच.

त्या रात्री घरात बराच वेळ बोलणं झालं. हे गप्प होते. मग सासूबाईच म्हणाल्या, ‘‘शेत वर्षातून चार महिने चिखलाचं. रस्ता बाराही महिने आहे.’’

आठ दिवसांत लांब शॅकल निघाले, मूळ मापाची टायरं आली. निम्म्याहून जास्त दुखणं तिथेच गेलं. नंतर एंड बदलले, नवे शॉकअप टाकले, अलाइनमेंट करून घेतली. चिखलात आता जरा जपून जावं लागतं, एखाददिवशी ट्रॅक्टरही बोलवावा लागतो. तेवढं चालतं.

उंच गाडीने हायवेला निघण्याआधी

* टायर थंड असताना हवा तपासा. आकडा गाडीच्या पुस्तकात किंवा ड्रायव्हरच्या दारापाशी असतो. टायर मूळ मापाचं नसेल तर जाणकाराला विचारा.
* जड सामान टपावर नको, खाली आणि मध्यभागी ठेवा.
* वेग कमी ठेवा, पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा. स्टिअरिंगला झटका देऊ नका.
* उंच गाडीचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांवर येतात. ते खाली करून घ्या.
* मागच्या सीटवरच्यांनीही पट्टा लावायचा. सासूबाईंनीसुद्धा!

परवा पुन्हा बीडला गेलो. स्टिअरिंग माझ्याच हातात होतं. शहागडचा पूल आला तेव्हा मी आरशात पाहिलं, तर आई खिडकीला डोकं टेकून गाढ झोपलेल्या.

मैत्रिणींनो, गाडी डोलतेय असं वाटलं तर ‘आपल्याला गाडीतलं काय कळतं’ म्हणून गप्प बसू नका. वही काढा, लिहून ठेवा आणि विचारा. त्या गाडीत आपलीच माणसं बसणार असतात.