कीलेट चिकित्सा

कीलेट चिकित्सा : शरीरात साचलेल्या विषारी जड धातूंना विद्राव्य संयुगांत बद्ध करून ते मुख्यतः मूत्रावाटे बाहेर काढण्याची उपचारपद्धती. ‘कीलेट’ हे नाव खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आले आहे. औषधाचा रेणू धातूच्या आयनाला दोन वा अधिक ठिकाणी पकडून वलय तयार करतो. शिसे, पारा व आर्सेनिक हे एंझाइमांतील गंधकयुक्त गटांना चिकटतात. औषधाचे आकर्षण त्याहून प्रबळ असेल, तरच धातू सुटतो.

दुसऱ्या महायुद्धात आर्. ए. पीटर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सफर्ड येथे ल्युइसाइट या आर्सेनिकयुक्त युद्धविषावरील उतारा म्हणून डायमरकॅप्रॉल शोधले. शिशाच्या विषबाधेत कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए किंवा तोंडाने घ्यावयाचे सक्सिमर देतात. नामसादृश्यामुळे चुकून डायसोडियम ईडीटीए दिले गेल्यास रक्तातील कॅल्शियम एकदम घटते. अशा चुकीने मृत्यूही ओढवले आहेत.

तांब्यावरील पेनिसिलामीन हे औषध जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये विल्सन रोगासाठी पुढे आणले. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याचा महत्त्वाचा उपयोग भारतीय बाल यकृत सूत्रण रोगात झाला. एक ते तीन वर्षांच्या मुलांना होणारा हा रोग उपचारांअभावी बहुधा प्राणघातक ठरे व एकाच घरातील अनेक भावंडे त्यास बळी पडत. रोग्यांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण प्रचंड आढळे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील आनंद पंडित, शीला भावे व इंग्लंडमधील स्टुअर्ट टॅनर प्रभृतींनी १९८३ मध्ये त्याचा संबंध वरच्या दुधाशी जोडला. कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेल्या दुधात तांबे उतरते व केसीन या प्रथिनाशी बद्ध होऊन अर्भकाच्या पोटात जाते. अंगावरचे दूध दीर्घकाळ मिळालेल्या मुलांत हा रोग क्वचितच आढळे.

पुण्यातील चिकित्सा-चाचण्यांत (१९८७) काविळीपूर्वी सुरू केलेल्या पेनिसिलामिनाने काही मुले वाचली. काविळीनंतर मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही. दीर्घकाळ जगलेल्या मुलांचा वृत्तांत १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. विल्सन रोगात उपचार जन्मभर चालू ठेवावे लागतात. या मुलांत मात्र औषध थांबविल्यावरही रोग उलटला नाही, कारण तांबे बाहेरून आलेले होते. औषधाने मूत्रात प्रथिन उतरणे, रक्तकोशिका घटणे असे उपद्रव संभवतात. म्हणून रक्त व मूत्र यांची वारंवार तपासणी करतात. पितळी भांड्यांची जागा स्टेनलेस स्टीलने घेतल्यावर हा रोग अतिशय विरळा झाला आहे.