परहद्दीचें वारंट व आरोपीचें प्रत्यर्पण

संस्थानी काळांतील एखादें फौजदारी वारंट संग्रहांत आलें म्हणजे केवळ त्याचा पुढील मजकूर वाचून काम भागत नाहीं. आरोपी दुसऱ्या हद्दींत धरावयाचा असेल तर खरा व्यवहार पाठीवरील शेऱ्यांत असतो. त्याचा अर्थ लावण्यास दोन गोष्टी निश्चित कराव्या लागतात : ओलांडलेली हद्द परक्या राज्याची होती कीं केवळ दुसऱ्या न्यायालयाची, आणि अपराध कोणत्या प्रतीचा होता. देहूरोडच्या उदाहरणानें हा भेद स्पष्ट होईल.

देहूरोड पुणें जिल्ह्यांत, म्हणजे इंग्रजी मुलखांत होतें. भोर संस्थानाच्या पांच तालुक्यांपैकीं पवनमावळ हा एक असल्यानें संस्थानी हद्द तेथून फार लांब नव्हती. बेळगांव दोनशें मैलांहून अधिक दूर, परंतु तें मुंबई इलाख्यांतीलच. कायद्याच्या दृष्टीनें जवळचें भोर परकें आणि दूरचें बेळगांव घरचें, अशी ही स्थिति होती.

भोरच्या न्यायालयाचें वारंट देहूरोडास आपल्या बळावर चालत नसे. इ. स. १९०३ च्या प्रत्यर्पणाच्या कायद्यान्वयें (कलम ७) पोलिटिकल एजंटानें जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या नांवें वारंट काढावें आणि त्यानें आरोपीस धरून स्वाधीन करावें, अशी रीति होती. मात्र अपराध कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांतील यादींत असावा लागे. यादीबाहेरील किरकोळ अपराधास हा मार्ग मोकळा नव्हता. म्हणून असें वारंट दफ्तरांत सांपडत नाहीं, एवढ्यावरून अपराध घडलाच नसेल असें अनुमान करूं नये. विसाव्या शतकाच्या आरंभीं पुण्याचा कलेक्टर हाच भोरचा पोलिटिकल एजंट असे, आणि जिल्हा मॅजिस्ट्रेटहि तोच. तेव्हां सहीपेक्षां तिच्याखालील पदनाम अधिक महत्त्वाचें. इ. स. १९४८ च्या मार्च महिन्याच्या ८ तारखेस भोर मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि या हद्दीपुरता प्रत्यर्पणाचा प्रश्न संपला.

बेळगांवच्या वारंटाची रीति निराळी. इ. स. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ८३ ते ८६ या कलमांनुसार असें वारंट दुसऱ्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे पाठविलें जाई; तो त्यावर आपलें नांव घालून तें बजावी. वारंट काढणारें न्यायालय वीस मैलांच्या आंत नसल्यास आरोपीस सामान्यतः स्थानिक अधिकाऱ्यापुढें उभें करावें लागे. इ. स. १९५६ च्या नोव्हेंबरांत बेळगांव म्हैसूर राज्यांत गेलें, तरी या रीतींत फरक पडला नाहीं. कारण संहिता राज्याची सीमा मोजीत नसून न्यायालयाची हद्द मोजते. गोव्याची हद्द मात्र इ. स. १९६१ पर्यंत परराष्ट्राची होती.

हीच कलमें इ. स. १९७३ च्या संहितेंत उतरलीं, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत ८० ते ८३ या क्रमांकांनीं आहेत. वीस मैलांचे आतां तीस किलोमीटर झाले आहेत. देहूरोड पोलीस ठाणें इ. स. २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाखालीं असल्यानें पोलीस आयुक्त हाहि असा स्थानिक अधिकारी ठरतो. आरोपी तोच इसम आहे असें दिसल्यास त्याची रवानगी बेळगांवीं होते. परंतु अपराध जामीनपात्र असून आरोपी योग्य जामीन देण्यास तयार असेल, तर तो येथेंच घेऊन जामीनकतबा तिकडे पाठविणें अधिकाऱ्यास भाग आहे. वारंटावरच जामिनाचा शेरा असल्यास त्याप्रमाणेंहि सुटका होते. प्रवासाचा काळ वगळून चोवीस तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटपुढें नेण्याचा हक्क राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदानें दिला आहे. जामीन मिळाल्यानें खटला मिटत नाहीं. नेमल्या तारखेस तेथें हजर राहावेंच लागतें.

तात्पर्य, देशांतील दोन राज्यांमधील अशा रवानगीस प्रत्यर्पण म्हणणें चुकीचें होय. तो शब्द परराष्ट्रांच्या व्यवहारास आणि जुन्या संस्थानी कागदांस राखून ठेवावा. असे कागद नोंदवितांना वारंटाची तारीख, त्या तारखेची हद्द, अपराधाचें कलम व पदनाम हीं चारहि टिपावीं, आणि छायाप्रत घेतांना पाठ वगळूं नये.