टेकाडे भावजी कोण होते? टीव्हीच्या आधीची ‘फॅमिली कॉमेडी’ आणि तिचे हरवलेले आवाज

आसेगाव (जि. वाशिम) : ओटीटीवर नवरा-बायकोची कॉमेडी शोधताय? मग घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाला विचारा, ‘टेकाडे भावजी आठवतात का?’ आठवत असतील, तर पुढचा अर्धा तास तुमचा मोबाईल बाजूलाच राहील.

काय होता हा कार्यक्रम?

आकाशवाणी मुंबईची श्रुतिका ‘पुन्हा प्रपंच’. पात्रं तीनच. प्रभाकरपंत (प्रभाकर जोशी), मीनावहिनी (नीलम प्रभू, म्हणजेच नंतरच्या करुणा देव) आणि घरी येणारे टेकाडे भावजी (बाळ कुडतरकर). रोजच्या संसारातला एखादा विषय निघायचा, भावजी त्यात तोंड घालायचे आणि गप्पा रंगायच्या. ना सेट, ना मेकअप. मीनावहिनींचं स्वयंपाकघर ज्याचं त्याने मनात बांधायचं.

मुंबईचा आवाज इतक्या लांब पोहोचायचा कसा?

मुंबईहून आसेगाव सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरहून जास्त. दिवसा वातावरणाचा ‘डी’ थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. म्हणून रात्री लांबची स्टेशनं लागायची, खरखरीसकट. (इंजिनिअरिंगला हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, उपयोग आत्ता झाला.) विदर्भासाठी नागपूर केंद्र १९४८ पासून होतंच.

अमेरिकेत काय चाललं होतं?

तिथे १९३५ मध्ये ‘फिबर मॅगी अँड मॉली’ सुरू झालं. जिम आणि मॅरियन जॉर्डन हे खरेच नवरा-बायको. फिबरने कपाट उघडलं की आतला सगळा पसारा धडाधड कोसळायचा, एवढ्या आवाजावर देश हसायचा. ल्युसिल बॉलची ‘माय फेव्हरिट हजबंड’ही रेडिओवरचीच. तिच्याच लेखकांनी पुढे १९५१ मध्ये टीव्हीवर ‘आय लव्ह ल्युसी’ आणलं.

फरक पैशांचा होता. फिबरच्या घरात मेणाच्या पॉलिशची कंपनी थेट गोष्टीतच घुसायची, कारण खर्च तीच करत होती. आपल्याकडे विविध भारतीवर जाहिराती आल्या त्याच १ नोव्हेंबर १९६७ ला, मुंबई, पुणे, नागपूरमधून. मीनावहिनींना साबण विकायचा नव्हता. मला तरी ते जास्त आवडतं.

मग अडचण काय?

पण या जाहिरातदारांचा एक फायदा झाला. त्यांच्यासाठी तबकड्या कापल्या जायच्या, शिवाय सैनिकांसाठीही वेगळ्या निघायच्या. त्यामुळे फिबरचे शेकडो भाग आज फोनवर फुकट ऐकता येतात. ‘पुन्हा प्रपंच’ शोधा, हाती फारसं लागत नाही. कुडतरकर २०२० मध्ये गेले.

माळ्यावर जुन्या ‘टू-इन-वन’वर भरलेल्या कॅसेट असतील तर भंगारात देऊ नका. पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर लगेच लावूही नका, डेकचं हेड खराब होतं. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या, मग फोनवर उतरवा.