परिशिष्ट 12

10 मार्च 2025 ला इंडसइंड बँकेने कबूल केलं, की डेरिव्हेटिव्हच्या हिशेबात गफलत आहे, नक्त मूल्याला सुमारे 2.35 टक्क्यांचा फटका बसेल. दुसऱ्या दिवशी शेअर 27 टक्के आपटला. मी तेव्हा पिंपळगाव रेणुकाईला मिरचीच्या वाफ्यांवर मल्चिंग अंथरत होतो. बातमी वाचली आणि मुंबईतली, माझ्या बँकेच्या ट्रेझरीची मागची खोली आठवली.

नव्वदचं दशक टेलेक्स आणि साध्या फॉरवर्डमध्ये गेलं. त्यात सांगण्याजोगं काही नाही. खरी धमाल नंतरची. 2007 मध्ये डॉलर 44 वरून 39 रुपयांकडे घसरला, निर्यातदार हवालदिल झाले. आमची टायवाली पोरं त्यांना स्विस फ्रँकवरचे सौदे विकू लागली. सही कुठे करायची तिथे पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या, आतली पानं कोण वाचतो? त्या दिवशी हातचा रुपया जात नाही, म्हणून कुणाला ते कर्ज वाटलंच नाही.

कर्जच होतं ते. सौदा आज मोडला तर गिऱ्हाईक किती देणं लागेल, हा आकडा रोज संध्याकाळी मी काढायचो. ताळेबंदात मात्र सौद्याची मूळ रक्कम खाली, परिशिष्ट 12 मध्ये, संभाव्य देण्यांत. एकाचा आकडा मर्यादेबाहेर गेला तेव्हा मी टिपण लिहिलं. साहेबांनी कोपऱ्यात ‘पाहिले’ लिहून फाईल परत पाठवली. 2008 उजाडलं, फ्रँक उसळला आणि त्या गिऱ्हाइकाने फोन उचलणं बंद केलं.

मग कोर्टकचेऱ्या. राजश्री शुगर्सच्या खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2008 मध्ये ठरवलं, हा जुगार नव्हे, करार आहे. असेल. आमच्याकडे आठ-दहा रुपये किलोने मिरची ओतून घरी येणाऱ्याला दोन्हींतला फरक विचारा.

एप्रिल 2011 मध्ये रिझर्व्ह बँकेने डेरिव्हेटिव्हचे नियम मोडल्याबद्दल 19 बँकांना दंड केला. पुढची वर्षं निवृत्तीची वाट बघण्यात गेली.

यंदा धाकट्या भावाचं पीककर्ज अडलंय. सातबारा, आठ-अ, चतुःसीमा, चार बँकांचे बेबाकी दाखले, सगळं दिलं. आता सिबिल आडवं आलंय. कारण काय, तर तो कुणा मेव्हण्याला मोटारसायकलच्या कर्जात जामीन राहिल्याची जुनी नोंद. त्याचं संभाव्य देणं बँकेला पहिल्याच पानावर दिसलं.

2011 चा तो दंड प्रत्येक बँकेला 5 ते 15 लाख रुपये होता.