विसरलेले दिवस, लेखांक ५ : पिंपरीचं पेनिसिलिन

गेल्या आठवड्यात आपण चापेकर बंधूंच्या चिंचवडमध्ये होतो. २२ जून १८९७ची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता, रँडवर झाडलेली गोळी हे सगळं इथल्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असतं. आजचा प्रसंग तिथून जवळच, पिंपरीत घडला. त्याचा पुतळा नाही आणि त्याचा दिवसही कोणी पाळत नाही. १९५५ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागलं. आपण ज्याला नुसतं 'एचए' म्हणतो, ज्याच्या नावाची कॉलनी आणि मैदान आहे, तोच हा कारखाना. स्वतंत्र भारताने सरकारी मालकीचा असा औषधांचा पहिला कारखाना काढला तो इथे, मार्च १९५४मध्ये.

त्या काळात पेनिसिलिनची किंमत काय होती, हे आज कळणं अवघड आहे. बाळंतिणीला ताप भरला, लहान मुलाला न्यूमोनिया झाला किंवा शेतात पायाला लागलेली जखम चिघळली, तर घरचे लोक देवावर हवाला ठेवून बसत. फ्लेमिंगला १९२८मध्ये बुरशीचा गुण दिसला होता. ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांनी तिच्यातून औषध काढलं, आणि महायुद्धाच्या गरजेपोटी अमेरिकेत ते मोठ्या प्रमाणावर बनू लागलं. युद्ध संपलं, देश स्वतंत्र झाला, तरी आपल्याकडचं पेनिसिलिन बोटीनेच येत होतं. ते इथेच बनलं पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्यांत साहिबसिंग सोखी हे मोठं नाव. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे ते संचालक होते, पुढे जागतिक आरोग्य संघटनेत गेले. अखेर युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ पाठवले, आणि जागा, इमारत व माणसं भारत सरकारने उभी केली. मला या व्यवहारातली सर्वांत मोलाची वाटते ती त्यामागची भूमिका. हे ज्ञान कुणा एका कंपनीच्या तिजोरीत राहू नये, गरीब देशांनी ते शिकावं, असं तेव्हा जगातल्या मोठ्या संस्था मानत होत्या आणि त्यासाठी पैसा खर्च करत होत्या.

पिंपरी तेव्हा पवनाकाठचं गाव होतं. शेजारून मुंबईची रेल्वे जायची, आणि फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत नुकती रुजत होती. एमआयडीसीचा जन्म १९६२चा, नगरपालिका १९७०ची, महापालिका १९८२ची. टेल्को आणि बजाजही इथे साठच्या दशकात आले. या शहराची कहाणी आपण मोटारी आणि स्कूटरींपासून सांगायला लागतो, ती चुकीच्या पानावर उघडतो. इथला पहिला मोठा आधुनिक कारखाना औषधाचा होता.

आणि ते औषध बनवणं म्हणजे सोपं काम नव्हतं. पेनिसिलिन ही जिवंत बुरशीची उपज. आधी प्रयोगशाळेत जपून ठेवलेलं तिचं बियाणं छोट्या भांड्यात वाढवायचं, मग मोठ्या टाकीत, मग अवाढव्य पोलादी फर्मेंटरमध्ये सोडायचं. तिचं खाणं म्हणजे साखर आणि मक्याचं स्टार्च काढताना उरणारं दाट पाणी. फर्मेंटर सतत ढवळत ठेवायचा, तापमान नेमकं राखायचं आणि आत अखंड हवा सोडायची. खरी कसोटी त्या हवेची. ती पूर्ण निर्जंतुक हवी, कारण बाहेरचा एखादा जीवाणू आत शिरून वाढला, तर तो पेनिसिलिनच खाऊन टाकू शकतो. मग हजारो लिटरचा सगळा घाणा नाल्यात. म्हणून वाफ, झडपा, गाळण्या यांवर रात्रपाळीतही डोळ्यांत तेल घालून पहारा असतो. काही दिवसांनी बुरशी गाळून टाकायची आणि उरलेल्या पाण्यातून औषध वेगळं काढायचं. त्यासाठी पाणी आम्ल करावं लागतं, पण आम्लात पेनिसिलिन झपाट्याने नासतं. त्यामुळे ते काम थंडगार ठेवून, घाईने उरकावं लागतं. इतकं सगळं पार पडलं की चिमूटभर पांढरी पूड हाती येते, आणि ती रबरी बुचाच्या छोट्या कुपीत जाते.

हे सगळं शिकलेली माणसं पुढे देशभर गेली. एचएची प्रयोगशाळाही नावाजलेली होती. बुरशीतज्ज्ञ एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या मातीतला एक सूक्ष्मजीव वेगळा केला आणि त्यापासून बुरशीजन्य रोगांवरचं हॅमायसिन हे औषध काढलं. त्या सूक्ष्मजीवाचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसेस पिंपरिना. गावाचं नाव असं जागतिक शास्त्राच्या नोंदीत गेलंय, हे पिंपरीच्या किती शाळांत सांगितलं जातं?

पुढची हकीकत वाचताना जीव तुटतो. नव्वदच्या दशकात बाजार खुला झाला, चीनमधून स्वस्त पेनिसिलिन-जी येऊ लागलं आणि कारखाना आजारी पडला. कामगारांचे पगार थकले. डिसेंबर २०१६मध्ये देणी फेडण्यासाठी कंपनीची जास्तीची जमीन विकण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. कंपनी आजही आहे, औषधं बनवते, पण ज्या बुरशीने तिला नाव मिळवून दिलं ती तिथे वाढत नाही. एचएच नव्हे, देशातल्या बाकीच्या कारखान्यांनीही पेनिसिलिन-जी बनवणं सोडलं. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेल्या मुलांना वर्षानुवर्षं पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, त्यांच्यासाठी हे परावलंबन जीवघेणं ठरू शकतं. २०२०मध्ये सरकारने औषधांचा कच्चा माल देशात बनवणाऱ्यांसाठी प्रोत्साहन योजना आणली, आणि २०२४मध्ये आंध्रातल्या काकीनाडा भागात पेनिसिलिन-जीचा नवा खासगी कारखाना सुरू झाला. जे पिंपरीत जमलं होतं, ते पुन्हा मुळाक्षरांपासून गिरवावं लागलं.

तिथल्या जमिनीवर उद्या काय उभं राहायचं ते राहो. निदान एक जुना फर्मेंटर, काही कुपी आणि त्या पहिल्या पिढीतल्या कामगारांच्या आठवणी जपणारं छोटं संग्रहालय महापालिकेने उभारावं, आणि ते लवकर उभारावं. त्या पिढीतले फार थोडे आता मागे उरले असतील.

पुढच्या आठवड्यात चाकणला जाऊ. १६६०च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर शिबंदीनिशी शायिस्ताखानाच्या फौजेला जवळपास दोन महिने संग्रामदुर्गाबाहेर रोखून धरलं, त्याची गोष्ट.