जुन्या मालमोटारीची गिअरपेटी

दसरा आठ दिवसांवर असतां झेंडू घेऊन दादरच्या फूलबाजारीं निघालेल्या आमच्या मालमोटारीचा दुसरा गिअर कसारा घाटांत आपोआप सुटूं लागला. उतरणीवर असें झालें म्हणजे इंजिनाचा अटकाव जातो व सारा भार ब्रेकांवर येतो.

परळच्या मिस्त्र्यानें न उघडतांच सुचविलें, चोरबाजारांतून तयार पेटी आणावी. परंतु रंगविलेल्या कवचावरून आंतील झीज कळते काय? आम्हीं आपलीच उघडविली. तेलांत पितळी भुकटी होती, पोलादाचे तुकडे नव्हते. बेअरिंगें सैल, सिंक्रो-कड्या झिजलेल्या, दांते शाबूत. कवचांतील बेअरिंगची बैठकच सैल झाली असती किंवा बऱ्याच चक्रांचे दांते उडाले असते, तर पेटी बदलणेंच योग्य.

सुटे भाग गिरगांवांत ऑपेरा हाउसनजीक मिळाले. चार दिवस लागले. फुलांच्या दोन खेपा बुडाल्या.