०.९२ आणि ०.९८ : नव्या इंजिनाच्या ‘मोकळं’ होण्याचा हिशेब

युरोपातल्या इंधन-चाचणीच्या जुन्या नियमांत एक आकडा होता, ०.९२. कारखान्यातून नुकतीच बाहेर पडलेली गाडी चाचणीला लावायची, तिच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड मोजायचा आणि त्याला ०.९२ ने गुणायचं. इंजिन रुळल्यावर उत्सर्जन एवढंच राहील, असं धरण्याची उत्पादकाला मुभा होती. पुढे डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणीपद्धत आली आणि तिच्यात हाच आकडा ०.९८ झाला. कार्बन डायऑक्साइड जळलेल्या पेट्रोलच्या प्रमाणात निघतो, त्यामुळे हा हिशेब थेट अ‍ॅव्हरेजचा आहे. लिटरला १८ किलोमीटर देणारी कोरी गाडी जुन्या आकड्याने १९.६ वर जाते, नव्या आकड्याने जेमतेम १८.४ वर.

सांताक्रूझच्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हा वाद ऐकायला मिळतो, फक्त आकड्यांशिवाय. एमएच-०२ ची नवी पाटी, बॉनेटवर झेंडूची माळ, चाकाखाली चिरडलेलं लिंबू आणि शेजारच्या काकांचं आश्वासन : “तीन हजार होऊ दे, मग बघ पिकअप!” काकांचे तीन हजार हवेतले नाहीत. युरोपीय नियमांनुसार, ज्यांच्यावर आपले भारत स्टेजचे नियमही बेतले आहेत, प्रदूषण-चाचणीची गाडी आधी किमान ३००० किलोमीटर चालवून रुळवलेली असावी लागते. म्हणजे ब्रोशरमधलं अ‍ॅव्हरेज मुळात कोऱ्या गाडीचं नसतंच. प्रश्न एवढाच, की या तीन हजारांत इंजिन किती बदलतं आणि त्याच्या नावावर बाकीचं काय काय खपतं.

घर्षणापासून सुरुवात करू. होल्मबर्ग, अँडरसन आणि एर्डेमिर यांनी २०१२ मध्ये प्रवासी गाड्यांतल्या घर्षणाचा जमाखर्च मांडला, तो या विषयात सगळीकडे वापरला जातो. पेट्रोलमधली ऊर्जा १०० धरली, तर ३३ सायलेन्सरमधून आणि २९ रेडिएटरमधून उष्णता होऊन जातात. यांत्रिक काम होतं ३८ चं. त्यातले साधारण ११.५ खुद्द इंजिनातल्या घर्षणात जिरतात आणि जवळपास तेवढेच टायर खातात. इंजिनातल्या घर्षणापैकी सुमारे ४५ टक्के पिस्टन, रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यातलं. म्हणजे १०० पैकी साधारण ५.

रुळण्याचा मुख्य खेळ या पाचात आहे. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंग करून मुद्दाम तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडलेल्या असतात. त्यांच्यातल्या खाचा तेल धरून ठेवतात आणि सूक्ष्म उंचवटे रिंगांशी घासून झिजतात. उंचवटे सपाट झाले, खाचा शिल्लक राहिल्या, की रिंग भिंतीला सगळीकडून नीट टेकते. घर्षण उतरतं, जळता वायू रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये कमी गळतो आणि तेलही कमी जळतं.

उदार होऊन असं धरू, की रुळल्यावर पिस्टन-रिंगांचं घर्षण पाचव्या भागाने उतरलं. पाचाचा पाचवा भाग म्हणजे १. पण यांत्रिक कामातला १ भाग वाचला, की त्याच्यासोबत वाया जाणारी उष्णताही वाचते. ३८ च्या कामासाठी १०० जळतात, म्हणजे १ साठी २.६. थोडक्यात, बचत अडीच टक्क्यांच्या आसपास. १८ चं अ‍ॅव्हरेज साडेअठराच्या अलीकडेच थांबतं. हा कागदावरचा अंदाज आहे, पण तो ०.९८ च्या शेजारी जाऊन बसतो. ०.९२ हा आकडा मला उत्पादकांवर मेहेरबान वाटतो.

तरी काकांची पिढी खोटं बोलत नव्हती. त्यांची पहिली गाडी बहुधा प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसीची, आणि तिचा कारखाना सांताक्रूझहून हाकेच्या अंतरावर, कुर्ल्याला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा. त्या काळच्या यंत्रकामात आजची अचूकता नव्हती, तेलं साधी खनिज होती आणि पेट्रोल कार्ब्युरेटरच्या मर्जीने जात होतं. सिलिंडरची भिंत गुळगुळीत करण्याचं बरंचसं काम मालकाच्याच गळ्यात पडायचं. आज प्लॅटो होनिंगमध्ये उंचवट्यांची टोकं कारखान्यातच उतरवली जातात. काकांच्या पद्मिनीत जो फरक कानाला ऐकू यायचा, त्याचा मोठा वाटा हल्ली डिलिव्हरीआधीच होऊन गेलेला असतो.

मग आजच्या मालकालाही गाडी मोकळी झाल्यासारखी का वाटते? इथे इंजिन सोडून सांताक्रूझच्या हवेकडे वळावं लागतं. विमानतळाजवळची हवामान खात्याची वेधशाळा सगळ्यांना २६ जुलै २००५ च्या ९४४ मिलिमीटर पावसामुळे ठाऊक आहे. पण ती रोज तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाबही मोजते आणि इंजिनाला श्वास याच हवेचा घ्यावा लागतो.

इंजिनाची ताकद मोजण्याच्या आयएसओ १५८५ या मानकात हवामानाची दुरुस्ती दिलेली आहे. संदर्भ २५ अंश सेल्सिअसचा, कोरड्या हवेचा दाब ९९ किलोपास्कल. दाब घटला की त्याच्या १.२ व्या घाताने आणि तापमान वाढलं की त्याच्या ०.६ व्या घाताने ताकद कमी होते. तापमान अर्थातच केल्व्हिनमध्ये धरायचं. आता दसऱ्यानंतरची ऑक्टोबरची दुपार घ्या. ३४ अंश, आर्द्रता ५० टक्के, एकूण दाब १००.९ किलोपास्कल. यातले सुमारे २.७ किलोपास्कल नुसत्या वाफेचे, आणि वाफेवर पेट्रोल जळत नाही. सूत्रात आकडे घातले की ताकद संदर्भापेक्षा २.७ टक्के कमी येते. मग जानेवारीची पहाट घ्या. १८ अंश, ७५ टक्के आर्द्रता, दाब १०१.२. ताकद २.२ टक्के जास्त. दोन्हींतला फरक जवळपास ५ टक्के. ९० हॉर्सपॉवरच्या गाडीत साडेचार हॉर्सपॉवर, आणि त्यासाठी सिलिंडरमध्ये काहीही झिजावं लागलेलं नाही. पहाटे एसी बंद असतो, तो फायदा वेगळाच.

हे सूत्र अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाचं आहे आणि टर्बो नसलेल्या इंजिनांना ते सरळ लागू पडतं. टर्बोचं गणित थोडं निराळं. पण क्रम बघा. दसऱ्याला गाडी घरी येते, तीन हजार किलोमीटर होईपर्यंत जानेवारी उजाडतो. रुळणं आणि थंडी हातात हात घालून येतात आणि श्रेय सगळं रुळण्याला मिळतं. हीच गाडी फेब्रुवारीत घेतली असती, तर तीन हजार किलोमीटर मेच्या काहिलीत पूर्ण झाले असते आणि काकांनी आश्वासन जरा जपून दिलं असतं. मानकांमधली सूटही लक्षात ठेवण्यासारखी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नियम ८५ प्रमाणे उत्पादनातल्या इंजिनाची ताकद जाहीर आकड्यापेक्षा ५ टक्के इकडे-तिकडे चालते. एकाच दिवशी शोरूममधून निघालेल्या दोन गाड्यांत रुळण्याच्या फायद्याहून मोठा फरक जन्मापासूनच असू शकतो.

अ‍ॅव्हरेजचं मोजमाप तर आणखी निसरडं. एस. व्ही. रोडवरच्या पंपावर टाकी फुल सांगा. नोझल खट्‌कन कट होतं, आणि पंपावरचा पोरगा विचारतो, “साहेब, राऊंड फिगर करू?” त्या राऊंड फिगरमध्ये कधी पाव लिटर जातं, कधी पाऊण. ३० लिटरच्या भरण्यात अर्ध्या लिटरचा फरक म्हणजे १.७ टक्के. आपण शोधतोय ती सुधारणाच २-३ टक्क्यांची, आणि मोजपट्टी तेवढीच हलते आहे. टायरही यात हात धुऊन घेतात. ६०० मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा रबर २ मिलिमीटर झिजला की त्रिज्या ०.७ टक्क्याने घटते. तेवढंच अंतर मीटर जास्त दाखवतो आणि अ‍ॅव्हरेज आपोआप ‘वाढतं’. उलट पेट्रोलमधला २० टक्के इथेनॉल ते खाली खेचतो. लिटरमागे साध्या पेट्रोलची ऊर्जा सुमारे ३२ मेगाज्यूल, इथेनॉलची २१. मिश्रणात जवळपास ७ टक्के ऊर्जा कमी. एकट्या इंजिनाचं रुळणं टाकीच्या हिशेबात पकडायचं, तर सात-आठ टाक्यांची सरासरी काढून तीही मागच्या वर्षीच्या त्याच मोसमाशी ताडून बघावी लागेल. एवढी वही ठेवणारा मालक मला अजून भेटायचाय.

मग रुळवणं सोडून द्यायचं का? मुळीच नाही. मॅन्युअलमधले आकडे अ‍ॅव्हरेजसाठी कमी आणि पुढच्या आयुष्यासाठी जास्त आहेत. सुझुकी पहिले ९६० किलोमीटर सांभाळायला सांगते. टोयोटा पहिल्या ३०० किलोमीटरांत करकचून ब्रेक मारू नका म्हणते आणि १००० पर्यंत भरधाव वेग टाळा. ह्युंदाई पहिल्या १००० किलोमीटरांत इंजिन २००० ते ४००० आरपीएमच्या दरम्यान ठेवायला सांगते, आणि इंधनखर्च व कामगिरी ६००० किलोमीटरनंतर स्थिरावते असंही लिहिते. सगळ्यांत समान सूचना एक : फार वेळ एकाच वेगाने चालवू नका.

सांताक्रूझकराला ही शेवटची सूचना पाळायला काहीच करावं लागत नाही, मिलन सबवेच्या तोंडाशी एकसारखा वेग मिळणारच कुठे! त्याची अडचण उलटी आहे. घर ते बीकेसी, पाच-सहा किलोमीटर, पहिला-दुसरा गिअर, आणि इंजिन पुरतं तापायच्या आत पार्किंग. रिंग भिंतीला टेकते ती मागून ढकलणाऱ्या वायूच्या दाबाने, आणि रांगत्या ट्रॅफिकमध्ये तो दाब तयारच होत नाही. थंड इंजिनात न जळलेलं पेट्रोल भिंतीवरून ओघळून तेलात उतरतं, ते वेगळंच. म्हणून रविवारी पहाटे वेस्टर्न एक्सप्रेस हायवेने दहिसरपर्यंत जाऊन यावं. इंजिन तापल्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ४० वरून ७० पर्यंत दमदार पण ४००० च्या आत न्यायचं, मग पाय काढून गाडी आपोआप उतरू द्यायची, पुन्हा तेच. ओढताना रिंगा भिंतीवर दाबल्या जातात, पाय काढला की तयार झालेल्या पोकळीने तेल वर खेचलं जातं आणि झिजलेला कीस धुऊन निघतो. पुण्याला जायचं झालं तर द्रुतगती मार्गावर क्रूझ कंट्रोल लावून बसू नये. घाटात पाचव्या गिअरमध्ये इंजिन कण्हत नेणं तर १०० वर पळवण्यापेक्षा वाईट.

रिंगा खरंच बसल्या का, हे पिकअप सांगत नाही, डिपस्टिक सांगते. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये तेलाच्या खपाची कमाल मर्यादा १००० किलोमीटरला १ लिटर आहे, पण निरोगी नव्या इंजिनात ती कुठच्या कुठे लांब राहते. पहिल्या सर्व्हिसला बऱ्याच गाड्यांत तेल बदलत नाहीत, त्यामुळे दहा हजारांपर्यंत कांडी बाहेर काढायची वेळ अनेकांवर येतच नाही. ती दर हजार किलोमीटरला काढावी : सपाट जागेवर, सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी. खूण तीन-चार हजारांच्या पुढेही दर वेळी खाली सरकत असेल, तर वॉरंटीची मुदत असतानाच सर्व्हिस सेंटरला तेलाचा खप लेखी नोंदवायला लावावा.